डब्याला टॅग, ड्रायव्हरला रांग

२०१६ पासून न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरला आरएफआयडी टॅग लागतोय. डबा आत किती तास होता, ते मालकाला घरबसल्या कळतं. छान! पण तोच डबा ओढणारा ड्रायव्हर करळ फाट्यावर किती तास अडकला, त्याचा आकडा कुठाय? घड्याळ गेटच्या आत चालतं, हाल बाहेर होतात.

आणि सिस्टीम बसली तर? जून २०१७ मध्ये नोटपेट्या व्हायरसने मर्स्क समूहाचं इथलं टर्मिनल ठप्प केलं, तेव्हाही भोगलं ट्रकवाल्यांनीच.

डिजिटलला विरोध नाहीच. उलट, रांगेचे तासही त्याच टॅगने मोजा, दर महिन्याला जाहीर करा आणि हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरच्या हातात द्या. नाहीतर ही प्रगती फक्त डब्याची, माणसाची नाही!

पटलं तर शेअर करा.