ते नखरे नव्हते

मागच्या एप्रिलची गोष्ट. जळगावचा उन्हाळा आणि सकाळची शाळा. आठवीतली एक मुलगी तास चालू असताना बूट काढून उघडे पाय फरशीला टेकवून बसायची. मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा ती रडू लागली, तेव्हा वाकून पाहिले. तळवे लालबुंद आणि हात लावला तर चांगलेच तापलेले.

घरी कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे नखरे. अम्मी मेहंदी लावायची. रात्री मुलगी बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसायची. त्याने आग थांबे, पण कातडी सोलून जखमा झाल्या. सुट्टीत धुळ्याला मामूंकडे गेली असताना तिथल्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : एरिथ्रोमेलाल्जिया.

१८७८ साली अमेरिकेतील डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी हे नाव दिले. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावात लाली, हातपाय आणि वेदना हे तीन अर्थ आहेत. आजार दुर्मीळ आहे. ऊन, चालणे, बंद बूट, जाड पांघरूण यांनी त्रास उसळतो, गारव्याने उतरतो. काही घराण्यांत तो जन्मजात असतो. वेदना पोहोचवणाऱ्या नसांमधील एका जनुकातला दोष २००४ साली शास्त्रज्ञांना सापडला. अशा नसा थोड्याशा उबेलाही आग समजतात. काहींमध्ये मात्र रक्तातील पेशी, विशेषतः प्लेटलेट्स, वाढल्यामुळे हा त्रास होतो. म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

पायांची आग मधुमेहाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होते. पण लाली, गरमपणा आणि वेदना एकत्र येऊन थोड्या वेळाने जात असतील, तर त्या वेळचा मोबाइलवर फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाय पुन्हा नेहमीसारखे दिसतात आणि रुग्ण खोटा ठरतो. बर्फ लावू नका. पंख्याखाली पाय उंच ठेवा. काही रुग्णांना अ‍ॅस्पिरिनने आराम पडतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दाखवता येईल.

भगिनींनो, आजार पूर्ण बरा होईलच असे नाही. पण “मला दुखतंय” म्हणणाऱ्या लेकराला खोटे ठरवणे तरी आपल्याला थांबवता येते. ती मुलगी आता चप्पल घालून पंख्याखालच्या बाकावर बसते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही निदान हात तरी लावून पाहिला.”