साम्राज्य मोठं, कोठार रिकामं

सुट्टीत आमचा धाकटा ‘स्टेलारिस’ खेळत बसायचा. स्वीडनच्या पॅराडॉक्सचा हा २०१६ चा गेम. सन २२०० मध्ये एका ग्रहापासून सुरुवात करायची, मग आकाशगंगेत राज्य वाढवायचं. त्याने भराभर ग्रह घेतले. पसारा वाढला तसं संशोधन महागलं, धान्य आणि वीज तुटीत गेली, प्रजा नाराज झाली.

“अम्मी, एवढं जिंकूनही बुडालो!”

रागवायला गेलेली मी शेजारी बसले. “नवीन घेणं थांबव. आधी आहेत त्यांचं पोट बघ.” त्याने शेती वाढवली, हळूहळू तूट भरली.

त्याच आठवड्यात आम्ही कर्ज काढून दुसरं दुकान घेणार होतो. धाकटा म्हणाला, “अब्बा, पहिल्या दुकानाची उधारी वसूल झाली का?”

दुकान वर्षभर पुढे ढकललंय. बहिणींनो, गेमला वेळेची मर्यादा घालाच. पण एकदा शेजारी बसूनही बघा.