समुद्राचे बियाणे कोण दळून खातो?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात मासळीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शेजाऱ्याने आपल्यापेक्षा खोल बोअर मारला आणि आपली विहीर आटली, हा अनुभव कोरडवाहू शेतकऱ्याला नवा नाही. रत्नागिरीच्या समुद्रात हेच चालले आहे.

पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याची नाडी ओढावी तसा तळ आवळते. रात्री एलईडी दिवे लावले की लांबचा मासाही उजेडाला येतो. मग लहान होडीवाल्याला, रापण ओढणाऱ्याला काय उरते? मोठ्या माशाबरोबर पिल्लेही निघतात. पेरणीआधीच बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली!

कायदे नाहीत काय? ढीगभर आहेत. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. एलईडी मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने तिचा दंड ५ ते २० लाख रुपये झाला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही फिरू लागले. पण ड्रोन नौका पाहतो, तिच्या पोटातला मासा मोजत नाही. आपल्याकडे नौका, जाळी आणि दिवस यांवर बंधने आहेत. कोणत्या नौकेने किती मासा काढावा, याचा आकडाच नाही.

परवाना आला की हप्ता येतो, हे आम्ही जाणतो. म्हणून सरकारी कोट्याचे नाव काढताच आमच्या कपाळाला आठ्या पडतात. आइसलंडने १९८४ पासून नौकांना माशांचा कोटा वाटून दिला. १९९० च्या कायद्याने तो विकता येऊ लागला आणि हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला. मासा मोजला गेला, पण लहान गावांच्या हातून समुद्र गेला.

दुसरी वाट आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले. दरवर्षी पाणी मोजायचे आणि ग्रामसभेत पीक ठरवायचे, हा तिथला शिरस्ता. राखण गावाची, म्हणून नियम टिकला.

समुद्रालाही हेच लागू करा. प्रत्येक धक्क्यावर नौकावार मासळीचे वजन करा आणि त्याच दिवशी फळ्यावर लिहा. परवानाधारकांची यादी तिथेच लावा. कोटा ठरवायचाच तर तो गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांना द्या, आणि तो विकता येऊ नये. देखरेखीच्या समितीत लहान होडीवाले असलेच पाहिजेत.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मच्छीमार कागदावर आपला भाऊ झाला. जिल्हा बैठकीत त्याच्या पाठिंब्याचा ठराव करू या. आणि बैठकीला येण्याआधी आपल्या गावातले बोअर मोजून या.