बुडालेल्या मसणवट्याची नोंद कोण ठेवणार?

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्यानंतर भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील गावे उठली. घरे मोजली, विहिरी मोजल्या, झाडे मोजली. मोबदल्यासाठी मोर्चे निघाले, तो लढा न्याय्यच आहे. पण ज्या मसणवट्यात आमच्या आजा-पणज्यांना माती दिली, तो कोणी मोजला? मसणवटा पडला सार्वजनिक. मोबदल्याच्या यादीत तो कोणाच्याच नावे लागत नाही.

आमच्या समाजाला मरणानंतरही शिवाशिव चुकली नाही. अनेक गावांत मसणवटा वेगळा, वाटही वेगळी. सरणाचे लाकूड परवडत नसे म्हणून गरीब माणूस माती देई आणि वर एक दगड ठेवी. नाव कोरायला ना पैसा होता, ना अक्षर. अशा थडग्याची ओळख केवळ म्हाताऱ्या माणसांना असते. ती माणसे गेली की ओळखही गेली.

याच पवनी तालुक्यात, पवनी येथे १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. तेथील दगडांवर ब्राह्मी लिपीत दानकर्त्यांची नावे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांनीही ती वाचता येतात, कारण ती लिहून ठेवली होती. आणि आमच्या पणजीचे नाव चौथ्या पिढीला सांगता येऊ नये?

धरण बांधताना मृतांना विसरलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीने जलाशय भरण्यापूर्वी थडग्यांची पाहणी केली आणि हजारो थडगी हलवली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोरे योजना याच संस्थेचा नमुना समोर ठेवून आखली गेली. पुढच्या राज्यकर्त्यांनी धरणे उचलली, ही नोंद मात्र उचलली नाही.

पुनर्वसित गावाला स्मशानभूमी देणे ही नागरी सुविधा आहे. पण नवी शेड म्हणजे जुन्या मसणवट्याची नोंद नव्हे. ती शासनाने करावी, ही आमची मागणी आहे. पण शासनाची वाट पाहत बसू नये. प्रत्येक पुनर्वसित गावातील विहारात तरुणांनी वृद्धांना बोलवावे. मृताचे नाव, आईबापाचे नाव, मूळ गाव, अंदाजे साल, थडग्याची खूण लिहावी. जिथे जमीन अजून उघडी आहे तिथे फोटो काढावेत. जिथे पाणी आहे तिथे जुन्या गाव नकाशावर जागा दाखवून घ्यावी. तहसिलातील कोतवाल बुकाशी नावे ताडून पाहावीत. एक प्रत विहारात, एक ग्रामपंचायतीत ठेवावी.

जातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. गाव बुडाले, आता माणसांची नावेही बुडाली तर आम्ही इथलेच, हे कशावरून सांगणार? समाजबांधवांनो, सांगणारे अजून हयात आहेत. येत्या पौर्णिमेलाच वही उघडा!