इंग्रजीचा आडपडदा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास दूरध्वनी खणखणला. "काका, बाबा पहाटे ऑफ झाले. बॉडी अकरा वाजता नेणार." बोलणारा माझ्या बालमित्राचा मुलगा. सुसंस्कृत, वडिलांची दोन वर्षे मनोभावे शुश्रूषा केलेला. त्याच्या दुःखाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु मनात आल्यावाचून राहिले नाही की ऑफ होतो तो दिवा किंवा पंखा! ज्याच्यासोबत मी राजवाड्यासमोरच्या चौकात सायकली पिटाळल्या, तो माणूस ऑफ कसा होईल? गेले, वारले, निवर्तले, कालवश झाले, देवाज्ञा झाली. इतके शब्द घरात असताना त्यांतला एकही त्या मुलाच्या ओठांवर येऊ नये?

मी काही भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन निघालेलो नाही. टेबल, स्टेशन, पेन्शन हे शब्द मी नित्य वापरतो. जखम आणि इलाज हे शब्दही बाहेरूनच आले आणि आपलेच होऊन बसले. शिवाय आपण इंदूरकर! घरात मराठी, बाजारात हिंदी आणि माझ्यासारख्याची छत्तीस वर्षे कचेरीत हिंदी नस्त्या लिहिण्यात गेलेली. भेसळीचा विटाळ मानणे आपल्याला परवडणारे नाही. माझी तक्रार निराळी आहे. जिथे वस्तू नवी, तिथे शब्द नवा आला तर त्याचे स्वागतच आहे. परंतु मरण, रोग, शरीरधर्म, मनाचे आजार यांत नवे ते काय? तरीही नेमक्या याच प्रांतात आपण मराठी सोडून पळतो. मूळव्याधीचे पाइल्स झाले, लघवीची युरीन झाली, गरोदर बाई प्रेग्नंट झाली, घटस्फोटाचा डिव्होर्स झाला. हात, पाय, डोके अजूनही मराठीत दुखते. लाज वाटणारा अवयव मात्र इंग्रजीत दुखू लागतो!

इंग्रजी शब्द अधिक सभ्य असतो, असे यावर सांगितले जाते. हा निव्वळ भ्रम आहे. 'टॉयलेट' हा मुळात फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहानसे कापड. ते कापड शृंगाराच्या मेजावर आले, मेजावरून त्या खोलीला आणि अखेर संडासाला चिकटले. म्हणजे इंग्रजांनीही लाजून परक्याकडूनच आडोसा आणला! 'कॅन्सर' म्हणजे लॅटिनमधला खेकडा, आणि आपल्या 'कर्करोगा'तला कर्क म्हणजेही खेकडाच. 'एक्सपायर'चा मूळ अर्थ श्वास बाहेर टाकणे. आपण प्राण सोडणे म्हणतो. 'पीरियड'च्या मुळाशी फेरा आहे, आपल्या 'पाळी'तही तोच फेरा. अर्थ तेच, आडोसाही तोच. फरक इतकाच की इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या कानाला ऐकू येत नाही. या बहिरेपणालाच आपण सभ्यता समजून बसलो आहोत.

कोणी म्हणेल, आपले पूर्वज तरी कुठे सरळ बोलत? खरे आहे. तांदूळ संपले असे आजी कधी म्हणाली नाही, ते 'वाढले'. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. घराबाहेर पडणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणे. परंतु त्या आडवळणात शुभाची इच्छा होती आणि मुख्य म्हणजे घरातल्या धाकट्या पोरापासून मोलकरणीपर्यंत प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. आजचा इंग्रजी पडदा घरातल्या अर्ध्या माणसांना बाहेर ठेवतो.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, छातीत गाठ लागली. 'स्तन' हा शब्द उच्चारणे तिच्या संस्कारात बसत नव्हते आणि इंग्रजी शब्द तिला ठाऊक नव्हता. सुनेला ती म्हणाली, "जरा इथे दुखतंय." सुनेने मुलाला सांगितले, "आईंना थोडा प्रॉब्लेम आहे." मुलाने मला सांगितले, "लेडीज प्रॉब्लेम आहे." आणि मी, सरकारी खलित्यांतल्या एकेका शब्दावर वाद घालणारा अधिकारी, पुढे एक अक्षरही विचारले नाही. यात सात महिने गेले. पुढे निदान झाल्यावरही तिच्या उशाशी आम्ही 'सी. ए.' असे म्हणत असू, तिला कळू नये म्हणून. ती आमच्या तोंडांकडे पाहत राही. आपल्याला काय झाले आहे हे आपल्या भाषेत न ऐकताच ती गेली. लवकर कळते तर ती वाचती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते सात महिने आमच्या सभ्यतेने गिळले, हे मला नाकारता येत नाही.

आता दुसरी बाजू. मराठी शब्दांना जुन्या क्रौर्याचे डाग आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. 'विटाळ' आणि 'महारोगी' हे शब्द परत आणा, असे मी म्हणणार नाही. परंतु इंग्रजी तरी कुठे निष्कलंक? कायद्याच्या पुस्तकात 1912 साली 'लुनसी' होती, 1987 साली 'मेंटल हेल्थ' आले, 2017 साली 'मेंटल हेल्थकेअर'. आणि आपल्याकडे त्याच 'मेंटल'ची आज शिवी झाली आहे! मनातला तिटकारा तसाच राहिला की पडदा कितीही बदला, एका पिढीत तो मळतो.

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला शिकून आलेले. शरीराविषयीचे विचार इंग्रजीत मांडून ते सुशिक्षितांपुरते ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले ते मराठीत. त्यापायी खटले सोसले. 1934 सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. ज्याला गरज आहे त्याला कळले पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब आपण आज विसरलो आहोत.

माझी नात माझ्यासमोर खणखणीत आवाजात सांगते, "आजोबा, माझे पीरियड्स आहेत, मी आज पोहायला जाणार नाही." तिच्यावर माझा राग नाही. तिचा शब्द इंग्रजी असला तरी तो बोलण्यासाठी आहे, लपवण्यासाठी नाही. माझा आक्षेप आहे तो ज्या शब्दासरशी आवाज खाली जातो आणि पुढचा प्रश्न विचारायची वाट बंद होते त्या शब्दाला. आपल्या घरांत असे शब्द किती आहेत ते ज्याने त्याने मोजावे. घरातली सर्वांत वृद्ध बाई आणि सर्वांत लहान मूल यांना आपले दुखणे ज्या शब्दांत सांगता येईल, ते शब्द निदान त्यांच्या कानांवर तरी पडू द्यावेत. कर्करोग, स्तन, गर्भाशय, पाळी, नैराश्य हे शब्द जेवणाच्या टेबलाशी उच्चारले तर आभाळ कोसळत नाही.

मी माझ्यापुरती व्यवस्था केली आहे. मुलाला बजावून ठेवले आहे की माझी वेळ येईल तेव्हा चारचौघांना स्पष्ट सांग, "बाबा वारले." दिवे तेवढे ऑफ कर, विजेचे बिल उगाच वाढायला नको.