भाड्याचा तारपा

पावसाने जोर धरला की वटार व आसपासच्या गावांतून जव्हारच्या सहली निघू लागतात. युवक मंडळ, महिला मंडळ, चार कुटुंबांचा गट. बस ठरते, कार्यक्रमपत्रिका हातोहात फिरते. जयविलास राजवाडा, शिरपामाळ, दाभोसा धबधबा, भोजन आणि संध्याकाळी 'आदिवासी नृत्य'. या शेवटच्या बाबीला माझी सक्त हरकत आहे.

वारली समाजात तारपा घुमतो तो नवे भात तयार झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास. भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून घडलेल्या त्या वाद्यामागे स्त्री-पुरुष हात गुंफून रात्ररात्र फेर धरतात. वादक वळेल तसा फेर वळतो. तेथे प्रेक्षक अभिप्रेतच नसतो. ऐन आषाढात, आवणीच्या दिवसांत, त्याच वादकाला एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात उभे करून अर्ध्या तासाची बिदागी हातावर ठेवणे, ही संस्कृतीची कदर म्हणायची काय? उद्या मुंबईचे एखादे मंडळ जुलै महिन्यात वटारला उतरले आणि म्हणाले, 'पैसे देतो, नाताळचा गोठा मांडा आणि गाणी म्हणा', तर आपण त्यांना कोणत्या भाषेत उत्तर देऊ? लाल लुगड्यातल्या आपल्या आजीकडे वाटसरूने न विचारता कॅमेरा रोखला तरी आपले पित्त खवळते. (खवळायलाच हवे.)

'त्यांना चार पैसे मिळतात,' हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. पैसे मिळावेत, याविषयी वाद नाही. परंतु ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला, तेथील दारिद्र्य अर्ध्या तासाच्या बिदागीने हटणारे नव्हे. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडू लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. त्यांतील कितीतरी आपल्याच वसई तालुक्यात येतात. येथे नाक्यावर उभ्या असलेल्या त्याच माणसाशी आपण मजुरीच्या दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करतो. तेव्हा त्याची संस्कृती कोणाला आठवत नाही! जयविलास राजवाड्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी तरी कितीजणांना ठाऊक असते, की १९४८ साली विलीन होईपर्यंत हे संस्थान महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचे, म्हणजे आदिवासी राजांचे होते?

याहून गंभीर गोष्ट पाण्याची आहे. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून इमारतींना विकले जाऊ लागले, तेव्हा वसईचा हा हिरवा पट्टा रस्त्यावर उतरला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या त्या लढ्याचा आपल्याला आजही सार्थ अभिमान आहे. आता सूर्या नदीकडे पाहा. जव्हारच्या डोंगररांगांकडून उतरणाऱ्या या नदीवर धामणी व कवडास येथे धरणे झाली ती शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे त्याच पाण्यावर शहरांसाठी ४०३ दशलक्ष लिटरची योजना उभी राहिली. पैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे. याविरुद्ध डहाणू, पालघर व विक्रमगड तालुक्यांतील शेतकऱ्यांनी आंदोलने केली. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते; टँकरविरोधी मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा देणारे आपण मात्र नव्हतो. पाणी तहानलेल्यांना मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या विहिरीला एक न्याय आणि त्यांच्या कालव्याला दुसरा, हे कसे?

यंदा ज्या मंडळांची बस ठरली असेल, त्यांनी जव्हारला अवश्य जावे. पत्रिकेतील नृत्याची ओळ तेवढी खोडावी. परतीच्या प्रवासात वाट थोडी वाकडी करून धामणीला उतरावे आणि बांधावर भेटेल त्या शेतकऱ्याला विचारावे, की उन्हाळी पिकासाठी तुमच्या कालव्याला पाणी कधी येते.