साधन कोणाच्या हाती? : कोसबाड, सालवड आणि मराठीचा वर्ग

१

अध्यापनाची साधने बदलली की अध्यापनही आपोआप बदलते, असा एक समज आपल्या शिक्षणव्यवहारात रूढ झाला आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आडगावच्या महाविद्यालयापर्यंत उत्तम अध्यापन पोहोचेल, अशी अपेक्षा बाळगली गेली होती. पुढे संगणक आला, प्रोजेक्टर आला, ‘डिजिटल शाळा’ हा शब्द ग्रामपंचायतीच्या फलकांवर झळकू लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड दिसू लागले. २०२० च्या टाळेबंदीत तर मोबाइलचा पडदा हाच वर्ग बनला. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली.

या सर्व प्रयत्नांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि मराठी साहित्याच्या वर्गापुरते पाहिले, तर या साधनांनी विद्यार्थ्याची भूमिका फारशी बदलली नाही, असे म्हणावे लागते. कवितेचे रसग्रहण पाच मुद्द्यांत पडद्यावर उमटते आणि विद्यार्थी ते पाच मुद्दे वहीत उतरवून घेतो. पूर्वी टिपणे तोंडी सांगितली जात, आता ती प्रकाशमान होतात, एवढाच काय तो फरक. कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारले जाते, आणि बाजारातील मार्गदर्शिकांत ते स्वमतही तयार छापून मिळते. विद्यार्थी ऐकणारा होता. तो आता ऐकणारा आणि पाहणारा झाला. तो बोलणारा, लिहिणारा, घडवणारा झाला काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

म्हणून वर्गातील तंत्रज्ञानाचा विचार करताना ‘साधन किती आधुनिक आहे?’ या प्रश्नाआधी आणखी दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. साधन कोणाच्या हातात आहे? आणि त्या साधनातून कोणाची भाषा बोलते आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पालघर जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातच ती सापडतात.

२

१९४५ हे वर्ष या परिसराच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले ते याच वर्षी. त्या लढ्याचे कथन गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. आणि याच वर्षी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. ताराबाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून आल्या होत्या. माँटेसरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास होता आणि तिच्या मर्यादांचीही त्यांना जाण होती. त्या पद्धतीची ठरावीक साधने महाग होती. खेड्यातील शाळेला ती परवडण्यासारखी नव्हती.

बोर्डीत आणि पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केले, त्याला आजच्या परिभाषेत ‘शैक्षणिक तंत्रज्ञानातील नवनिर्मिती’च म्हणावे लागेल. शिंपले, बिया, पाने, काटक्या, माती, बांबू ही त्यांच्या वर्गाची साधने झाली. मूल बालवाडीत येत नाही असे दिसले, तेव्हा बालवाडी मुलाच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून ‘अंगणवाडी’ आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांना दिवसभर शाळेत बसणे शक्य नव्हते, तेव्हा शाळा कुरणात गेली, ती ‘कुरणशाळा’. १९७५ साली केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द देशभर नेला. एखाद्या शैक्षणिक संकल्पनेचा मराठी शब्द अखिल भारतीय व्हावा, ही घटना भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

कोसबाडच्या प्रयोगाचे मर्म स्वस्त साधनांत शोधले जाते. ते अपुरे आहे. शिंपला स्वस्त होता हे खरे. परंतु तो मुलाच्या ओळखीचा होता, तो मुलाने वेचून आणला होता, आणि त्याचे नाव मुलाला शिक्षकाच्या आधी ठाऊक होते, हे अधिक महत्त्वाचे. वर्गात आलेली वस्तू मुलाच्या जगातली असल्यामुळे तिच्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार मुलाकडे जात होता. शिक्षिकेला त्या नावासाठी मुलाकडेच वळावे लागत होते. अध्यापनातील सर्जनशीलता या उलटलेल्या क्रमात होती.

३

याच परिसरातील दुसरे उदाहरण कलेच्या क्षेत्रातील आहे. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. ‘चौक लिहिणे’ हा शब्दप्रयोग मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे, कारण ज्या समाजाला निरक्षर म्हटले गेले त्याने आपल्या चित्राला लेखन मानले होते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या कलेकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर व कापडावर चित्रे काढू लागले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली; २०१८ साली त्यांचे निधन झाले. भिंतीकडून कागदाकडे हे स्थलांतर म्हणजे तंत्राचाच बदल होता. कागद बाहेरून आला, रेषा आतली राहिली. विधीचे बंधन सैल झाल्यावर म्हसे यांनी शेते, जाळी, मुंग्या, माणसे यांचे स्वतःचे विश्व उभे केले. नवे साधन हाती आल्याने परंपरा मोडली नाही, तिला नवे बोलणे सुचले. त्याच वेळी कला पुरुषांच्या आणि बाजाराच्या हाती गेली, हेही विसरता येत नाही. साधन बदलले की अधिकारही सरकतो, हा या उदाहरणाचा दुसरा धडा.

अलीकडच्या काळातील तिसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांचा क्यूआर कोडचा प्रयोग सर्वत्र चर्चिला गेला. मात्र पारितोषिकाच्या वेळी आणखी एक गोष्ट विशेषत्वाने सांगण्यात आली होती : गावातील मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी पाठ्यपुस्तकातील आशय त्या भाषेत आणला. पुढे क्यूआर कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेला; मुलाच्या घरच्या भाषेचा विचार मात्र तितक्या वेगाने गेला नाही. चौकोनी कोड छापणे सोपे असते, मूल घरी काय बोलते हे जाणून घेणे अवघड असते. तंत्रज्ञानाच्या प्रसारात नेहमी हेच घडते : यंत्र पुढे जाते, त्यामागची दृष्टी मागे राहते.

४

या पार्श्वभूमीवर बोईसरलगतच्या सालवडसारख्या गावातील वर्गाचा विचार करता येईल. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्यानंतर वाढत गेलेल्या औद्योगिक वसाहतीने या परिसराचे रूप पालटले. शेते आणि पाडे यांच्या शेजारी रासायनिक कारखाने, कामगारांच्या चाळी आणि इमारती आल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांच्या वर्गात वारली आणि मल्हार कोळी कुटुंबांतील मुले असतात, किनाऱ्यावरची मांगेली आणि वाडवळी बोलणारी असतात, खानदेश-मराठवाड्यातून आलेली असतात, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांचीही असतात. एका बाकावर तीन घरांच्या तीन भाषा बसतात. फळ्यावर आणि पडद्यावर मात्र एकच प्रमाण मराठी असते. या मुलांपैकी अनेकांना आपली बोली ‘अशुद्ध’ आहे एवढेच मराठीच्या तासाने आजवर शिकवले.

अशा वर्गात मोबाइलचा सर्वांत सर्जनशील उपयोग कोणता? तो पाहण्यापेक्षा ऐकून घेण्यासाठी, म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी वापरावा. पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याने घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे, तिची परवानगी घेऊन, मुद्रित करावे. विषय भाताच्या आवणीचा असेल, बोंबील वाळवण्याचा असेल, कंपनीतील रात्रपाळीचा असेल किंवा गाव सोडून बोईसरला येण्याचा असेल. मग ते बोलणे जसेच्या तसे देवनागरीत लिहून काढावे. ही कृती वाटते तितकी सोपी नाही. ऐकू आलेल्या एखाद्या स्वरासाठी अक्षर सापडत नाही. वाक्य कोठे संपले ते कळत नाही. विराम, हुंकार, हसणे यांचे काय करायचे ते ठरवावे लागते. त्यानंतर तोच मजकूर प्रमाण मराठीत आणावा. या तिसऱ्या टप्प्यावर काय गळते आणि काय बदलते, याची चर्चा म्हणजेच भाषाविज्ञान आणि शैलीविचार यांचा तास होय.

यानंतर विद्यार्थी साहित्यकृतीकडे वळतो तेव्हा त्याचे वाचन निराळे होते. उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील वऱ्हाडी संवाद हा त्याला केवळ ‘प्रादेशिकतेचा’ मुद्दा वाटत नाही; ते संवाद कागदावर आणताना लेखकाला किती निवाडे करावे लागले असतील, हे तो स्वानुभवाने जाणतो. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना, जी माणसे जागी झाली त्यांची बोली ग्रंथात किती उतरली, हा प्रश्न त्याला स्वतःहून पडू शकतो. असा एक प्रश्न वीस तयार मुद्द्यांपेक्षा मोलाचा आहे.

या कामाला अभ्यासाचा आधारही उपलब्ध आहे. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र ग्रंथ आहे. डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या प्रकल्पातून राज्यभरच्या बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित झाले आहेत. नव्या पदवी अभ्यासक्रमाच्या श्रेयांकरचनेत क्षेत्रप्रकल्पाला स्थान देण्यात आले आहे. तेव्हा ‘अभ्यासक्रमात जागा नाही’ ही सबब आता पुरेशी राहिलेली नाही.

५

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, बोली वर्गात आणली तर विद्यार्थ्याची प्रमाण मराठी कच्ची राहील, आणि नोकरीच्या बाजारात त्याचेच नुकसान होईल. आक्षेपामागील काळजी खरी आहे. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला प्रमाणभाषेपासून दूर ठेवणे हाही अन्यायच ठरेल. परंतु एका भाषारूपातून दुसऱ्यात जाणीवपूर्वक जाण्याने दोन्ही रूपे पक्की होतात. घोकलेली प्रमाणभाषा परीक्षेपुरती टिकते. आपल्या आजीचे बोलणे प्रमाण मराठीत आणण्यासाठी झगडून मिळवलेली प्रमाणभाषा आयुष्यभर टिकते.

दुसरा आक्षेप साधनांच्या विषमतेचा. टाळेबंदीत घरातला एकच मोबाइल वडिलांबरोबर कामावर जाई आणि मुलांचा तास बुडे, ही स्थिती कामगारवस्त्यांत सर्वांनी पाहिली. सुचवलेल्या कृतीला मात्र चार जणांच्या गटात एक साधा मोबाइल पुरतो. इंटरनेट लागत नाही. जेथे तोही नाही तेथे कान आणि वही आहेतच.

तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. बोलीतील शब्द आणि गीते ‘गमतीदार नमुने’ म्हणून गोळा करायची, प्रकल्पवहीत चिकटवायची आणि विसरून जायची, असे होऊ शकते. ज्यांचे बोलणे मुद्रित केले त्यांना ते ऐकवणे, त्यांच्याकडून दुरुस्त करून घेणे आणि त्याची प्रत गावात ठेवणे हा म्हणूनच या अभ्यासाचा अनिवार्य भाग मानला पाहिजे.

या प्रश्नाला आज आणखी एक निकड आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मराठीत निबंध, रसग्रहण, स्वमत सारे काही क्षणात लिहून देतात. मार्गदर्शिकांनी सुरू केलेले काम त्यांनी पूर्णत्वाला नेले. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते तो विचारत राहिल्यास विद्यार्थी यंत्राचेच उत्तर आणून देणार. त्याला दोष देता येणार नाही. यंत्रांची मराठी ही उपलब्ध लिखित मजकुरावर घडलेली आहे. वारली, मांगेली, वाडवळी यांचे लिखित रूप तुटपुंजे असल्याने उद्याच्या यंत्रांनाही त्या परक्याच राहण्याचा संभव मोठा. लग्नविधीतील गीते मुखोद्गत असणाऱ्या धवलेरी वृद्ध होत आहेत. त्यांच्या नाती कंपनीत किंवा महाविद्यालयात जातात. दोहोंच्या मधला दुवा आज मराठीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, बहुधा गप्प बसलेला असतो.

ताराबाई आणि अनुताईंनी शिंपला मुलाच्या हातून घेतला आणि त्याचे नाव मुलाला विचारले. सालवडच्या वर्गात उद्या कोणते यंत्र येईल, हे शासन आणि बाजार ठरवतील; त्यावर मराठीच्या शिक्षकाचे नियंत्रण नाही. ते यंत्र विद्यार्थ्याच्या हाती द्यावे काय, आणि त्यात प्रथम कोणाचा आवाज मुद्रित व्हावा, एवढे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे अजून आहे. तो वापरण्यासाठी नव्या निधीची वा नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.